आत्याच्या सॅकचं वजन

माझ्या आत्याच्या हाती आजवर एकही धडधाकट माणूस लागलेला नाही. तेहतीस वर्षं ती बार्शीटाकळी तालुक्यात आरोग्यसेविका होती. त्या तेहतीस वर्षांत तिनं जेवढी माणसं पाहिली त्यांतल्या निम्म्यांचं रक्त कमी होतं, उरलेल्यांच्या पोटात जंत होते, आणि ज्यांना यांतलं काहीच नव्हतं ते तिच्या मते खोटं बोलत होते. निवृत्त होऊन तिला चार वर्षं झाली, पण सरकारनं फक्त पगार थांबवला, आत्या थांबली नाही. कुणीही नवा माणूस समोर आला की नाव-गाव विचारायच्या आधी तिचा अंगठा त्याच्या गालावर टेकतो, डोळ्याची खालची पापणी ओढली जाते, आणि निकाल लागतो. माझ्यासाठी मुलगी पाहायला चांदूर रेल्वेला गेलो होतो तेव्हा पोहे यायच्या आत तिनं पंचवीस माणसांसमोर मुलीची पापणी ओढून पाहिली आणि जाहीर केलं, "पोरगी एक नंबर आहे. पण हिले लोहाच्या गोळ्या अन् गूळ-शेंगदाणे चालू करा. लग्न तीन महिन्यानं." लग्न तीन महिन्यांनीच झालं. माझी बायको आजही आमच्या प्रेमाची सुरुवात गूळ-शेंगदाण्यापासून झाली असं सांगते.

आत्याचं दुसरं वेड म्हणजे वजन. अकोल्याच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात मधल्या दाराच्या कडीला एक हुकाचा काटा टांगलेला असतो. अंगणवाडीत बाळांना झोळीत घालून तोलतात ना, तोच. त्यावर ती भाजीवाल्याचं वांगं तोलते, मी दिवाळीला नेलेला चिवडा तोलते, आणि एकदा तर शेजारणीचं मांजर तोलून "हिले दिवस गेले" असंही तिनं सांगितलं होतं, ते खरं निघालं. खरं तर तिला काट्याची गरजच नाही. हजारो बाळं तिच्या हातांवरून गेलेली. नुसतं उचललं की ती पावशेराच्या फरकानं आकडा सांगते. काटा फक्त आमच्यासारख्या संशयी लोकांसाठी ठेवलेला आहे.

आणि तिसरं, सगळ्यांत अवघड वेड: तिच्या ओझ्याला कुणी हात लावायचा नाही. नोकरीच्या सुरुवातीला एसटी फाट्यापर्यंतच जायची. तिथून खांद्याला लसीचा डबा अडकवून ती गावोगाव पायी फिरायची. वाटेत एखाद्यानं बैलगाडीत बसवलं तर बसायची, पण डबा मांडीवर. "लस थंडी राहिली पाहिजे अन् डबा माह्याच हातात राहिला पाहिजे," हे तिचं ठरलेलं. डबा गेला, सवय राहिली. तिच्या हातातली दुधाची पिशवी मी कधी घ्यायला गेलो, तर माझा हात असा झटकायची की रस्त्यावरच्या लोकांना वाटावं मी चोर आहे.

तर ही आत्या गेल्या ऑक्टोबरात न्हाणीघरात पडली. पडली हे आम्हाला पाचव्या दिवशी कळलं, तेही शेजारणीनं पुण्याला फोन केला म्हणून. पुण्याला तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. दादा रातोरात गाडी काढून आला. पाहतो तर आत्याचा खांदा जांभळा पडलेला, आणि आत्या अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. "अगं आई, सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "मुका मार होता. त्याच्यासाठी काहून गाव गोळा करायचं?" दादानं तिथंच निर्णय दिला: हे घर बंद, आई पुण्याला. फुवाजी, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन बारा वर्षं झाली होती, इथं तिच्यापाशी कुणी नव्हतं, त्याचं काही चुकत नव्हतं. पण आत्याला पुण्याचं नाव काढलं की धाप लागायची. दादाच्या अकराव्या मजल्यावर ती एकदा पंधरा दिवस राहून आली होती. "तिथी कोणाची पापणी पाहू? लिफ्टमधी सारे खाली मान घालून उभे रायते," हे तिचं पुणेवर्णन. दोघांत तीन आठवडे रोज भांडण. दादा रडवेला, आत्या लोखंडाची.

शेवटी आत्यानंच तोड काढली. मोबाइलवर तिनं एक व्हिडिओ पाहिला होता. तरुण पोरंपोरी पाठीवर भल्यामोठ्या सॅका घेऊन समुद्राच्या काठाकाठानं या गावाहून त्या गावाला पायी चाललेली. तिनं मला विचारलं हे काय आहे. मी म्हटलं, याला बॅकपॅकिंग म्हणतात. आत्या माझ्याकडे पाहतच राहिली. "यालेच बॅकपॅकिंग म्हणतात? मंग मी तेहतीस वर्षं काय करून राहिली होती?" आणि त्याच संध्याकाळी तिनं दादाला फोनवर सांगितलं, "आठ दिवस. गोकर्णापासून होन्नावरलोक, काठाकाठानं. माही बॅग मीच उचलीन. एक दिवस जरी कोणाले देली, तं गपगुमान पुण्याले येते. नाही देली, तं मी अकोल्यात, अन् हा विषय बंद." दादाला वाटलं, दुसऱ्या दिवशी पाय दुखले की आपोआप निकाल लागेल. तो हो म्हणाला. अट एकच, साक्षीदार म्हणून मी बरोबर जायचं आणि रोज संध्याकाळी त्याला खरा अहवाल द्यायचा. मी अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्यात खुर्चीवर बसून नमुने तपासतो. माझं रोजचं चालणं म्हणजे पार्किंग ते कँटीन. पण मला कुणी विचारलंच नाही.

दादानं पुण्याहून झक्क सॅक पाठवली, पट्ट्यांना गादी, पाठीला जाळी. आत्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, "ही तं नवरदेवाची आहे" म्हणाली आणि मला देऊन टाकली. स्वतःसाठी तिनं ताडपत्री शिवणाऱ्या चाचांकडून सॅक शिवून घेतली. कापसाच्या गाडीवर टाकतात ना, त्या खाकी ताडपत्रीची. चाचांनी जन्मात सॅक शिवली नव्हती, त्यामुळे ती वस्तू सॅक आणि तंबू यांच्या मधलं काहीतरी झाली. आत काय होतं म्हणता? दोन लुगडी, बीपीचं यंत्र, थर्मामीटर, मिठा-साखरेच्या पुड्या, टॉर्च, लसणाची चटणी, जाडसर दळलेली तीन किलो कणीक, आणि अर्थात हुकाचा काटा. निघायच्या दिवशी सॅक दाराच्या कडीला टांगून तोलली: नऊ किलो. काट्याचा फोटो दादाला पाठवला. मग माझी तोलली. अकरा भरली. "तुह्यात काय आहे रे पोट्ट्या? गादी?" गादी नव्हती, पण तिसऱ्या दिवशी मला तिची फार आठवण आली.

दोन गाड्या बदलून आम्ही गोकर्णाला उतरलो. आत्यानं समुद्र पाहिला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी. मला वाटलं, ती गहिवरेल, फोटो काढ म्हणेल. ती सॅकसकट सरळ पाण्यापर्यंत गेली, ओंजळ भरली आणि एक घोट घेतला. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं मूळ गाव, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींचं पाणी असं की चहाही खारट व्हायचा. आत्यानं घोट तोंडात घोळवला, थुंकला आणि म्हणाली, "आपल्या विहिरीपेक्षा जराकच जास्त आहे." मग कितीतरी वेळ ती नुसती उभी राहिली. लाट पायावर आली की लुगडं उचलायची, गेली की सोडायची. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "केवढं पाणी आहे रे. अन् आमी आठ-आठ दिवस नळाची वाट पायतो." डोळे भरले होते तिचे. विचारलं असतं तर खारं पाणी उडालं म्हणाली असती, म्हणून मी विचारलं नाही.

उतरलो होतो ते एक हॉस्टेल होतं, एका खोलीत सहा जणांच्या दुमजली कॉट्स. आत्यानं आत पाऊल टाकलं आणि तिला दारातच पितळेचं घंगाळ दिसलं, पाण्यात जास्वंदीची फुलं सोडलेली. असली पाच भांडी शोभेसाठी ठेवलेली होती. आत्यानं टॉर्च मारला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. पुढच्या दहा मिनिटांत पाचही भांडी अंगणात पालथी होती आणि आत्या मॅनेजरला हिंदीतून समजावत होती की हफ्ते में एक दिन सूखा दिन पाळना पडता है, समझे क्या, पानी रखनाच नहीं. तो बिचारा "पर डेकोरेशन..." एवढंच म्हणत राहिला. तिनं त्याला एक अळी तळहातावर घेऊन दाखवली. त्यानंतर तो तिला पाहिलं की उठून उभा राहायचा.

त्याच खोलीत आम्हाला ते तिघे भेटले. भोपाळची शाहीन, नोकरी सोडून घरी न सांगता निघालेली तिशीची मुलगी. आसनसोलचा देबू, जो दिवसाला चार वेळा मासळी खायचा आणि पाचव्यांदा तिच्याविषयी बोलायचा. आणि टोबी, स्वित्झर्लंडचा, कॉटबाहेर हातभर पाय निघतील एवढा उंच. तिघेही एकमेकांना आदल्याच दिवशी भेटले होते. आत्यानं आधी देबूची पापणी ओढली: काठावर पास. शाहीनची ओढली: "तेरेमें खून नहीं है बेटा. घर से भागी तो भागी, खजूर तो खाती." मग ती टोबीपाशी आली. त्याला वाकायला लावलं, पापणी ओढली आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "अरे, हा गोरा नाही, हा पांढरा पडला आहे! याले दवाखान्यात न्या!" त्यांच्याकडे सगळे असेच असतात हे तिला पटवायला आम्हाला अर्धा तास लागला. तरी आठही दिवस तिनं त्याला रोज सकाळी चार खजूर आणि गुळाचा खडा दिला. तो हात जोडून घ्यायचा. आत्या फोन उचलताना "जय भीम" म्हणते, ते त्याला इथलं गुड मॉर्निंग वाटलं असावं. तिसऱ्या दिवसापासून तो वरच्या कॉटवरून उठता उठता "जय भीम, आत्या!" म्हणायला लागला, आणि आत्या खुशीत "जय भीम, बेटा, जबान दिखा" म्हणायची.

ते तिघे आमच्याबरोबर चालायला लागले. खरं सांगायचं तर आत्याबरोबर चालायला लागले आणि मी मागून येत राहिलो. आत्याची चाल घाईची नाही, पण ती थांबत नाही. डोंगराची धार चढायची, पलीकडच्या वाळूत उतरायचं, खाडी आली की होडीत बसायचं. होडीतही सॅक मांडीवर. नाखव्यानं ती फळीवर ठेवायला हात पुढे केला तर त्याला माझ्यासारखाच झटका बसला. चढावर टोबी म्हणायचा, आत्या, दो किलो मुझे दो. आत्या म्हणायची, "तू अपना खून संभाल." मी मात्र चौथ्या दिवशी माझ्या अकरा किलोंतले चार किलो गुपचूप देबूला दिले. संध्याकाळी दादाला अहवाल द्यायचो, "आज नऊ किलोमीटर. सॅक स्वतः. बीपी एकशेतीस-ऐंशी." पलीकडून नुसतं "हं" यायचं. त्या "हं"मध्ये दादाचं रोज थोडं थोडं अवसान जात होतं. आणि खरं सांगतो, मला तिच्या बाजूनं आनंद होत होता. तीनच दिवस उरले होते. आत्या जिंकणार होती.

पण सहाव्या दिवशी तिला रोडगे आठवले. तीन किलो कणीक तिनं उगाच नव्हती आणली. आपल्याकडे चार माणसांशी माया जडली की शेतात गोवऱ्यांचा आर पाडून, म्हणजे निखारे करून, त्यात कणकेचे जाड रोडगे भाजायचे आणि वांग्याच्या भाजीशी जेवू घालायचं, त्याशिवाय ओळख पक्की होत नाही. तिघांना तिनं सकाळीच आवतण दिलं. एका गवळ्याच्या घरून पाटीभर गोवऱ्या आणल्या, बाजारातून वांगी, तूप आणि भाड्याची दोन पातेली. मग जागा शोधत निघाली. वर माडाखाली तिला पसंत पडेना, "कचरा आहे, वारा आहे." आणि एकदम खाली पाण्याच्या अलीकडे तिला एक जागा दिसली. सपाट, ओलसर, घट्ट, सारवून ठेवल्यासारखी. "हे पाय! खळ्यासारखी जागा आहे. अन् इथी कोणीच बसलं नाही, मूर्ख लोक." लोक का बसले नव्हते हा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही. आमच्यात समुद्राकाठचं कोण होतं? मी अमरावतीचा, आत्या अकोल्याची, शाहीन तलावाच्या गावची, देबू कोळशाच्या आणि टोबी बर्फाच्या. भरती-ओहोटी आम्ही पाचही जण शाळेत पाठ करून विसरलेलो.

आर पेटला. आत्यानं कणीक मळली, तुपाच्या घड्या घालून चाळीस रोडगे वळले, राखेत पुरले. भाजी रटरटायला लागली. तेवढ्यात वरून एक म्हातारा कोळी धावत आला आणि दोन्ही हातांनी हवा वर ढकलत काहीतरी ओरडायला लागला. कन्नड होतं की कोकणी, आम्हाला काही उमजलं नाही. आत्याला मात्र वाटलं, वासावर आला बिचारा. ती आग्रहानं म्हणाली, "बैठो बैठो दादा, बस हो गया. खाके ही जानेका!" आणि त्याला बळेच हाताला धरून पाटावर, म्हणजे टोबीच्या उलट्या चपलेवर बसवलं. तो उठायचा, ही बसवायची. तो समुद्राकडे बोट दाखवायचा, ही म्हणायची, "हाव, हाव, लय मोठा आहे." अशा तिसऱ्या खेपेला आर "फुस्स" झाला. आम्ही पाहिलं तर पाण्याची एक जीभ राखेतून परत जात होती.

"पूर आला!" आत्या ओरडली. "अरे पाऊस ना पाणी, पूर कुठून आला?" आम्ही पातेली उचलून वर पळालो. आत्या उलट खाली पळाली. रोडगे राखेत होते ना! गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पदराच्या ओच्यात रोडगे गोळा करत होती, आणि प्रत्येक लाटेला, एखाद्या दारुड्याला सुनावावं तशी सुनावत होती. शेवटी टोबी आणि तो म्हातारा कोळी यांनी तिला दोन्ही बगलांत धरून वर आणली. चाळीसांतले अकरा रोडगे वाचले. बाकीचे अरबी समुद्रानं नेले. आम्ही ते अकरा खारट रोडगे वांग्याच्या भाजीशी खाल्ले, त्यांतले दोन म्हाताऱ्या कोळ्याला दिले, आणि तो पोट धरून हसत हसत खात होता. जन्मात मी इतका चविष्ट रोडगा खाल्ला नाही. आत्याही हसत होती, पण उठताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसते. पाण्यात तिचा गुडघा पिळवटला होता.

सातवा दिवस तिनं "आज कपडे धुवायचे आहे" म्हणून बसून काढला. गुडघ्याला फडकं बांधलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "मुका मार आहे." मला ऑक्टोबर आठवला. त्या संध्याकाळी दादाला मी नुसतं "आज विश्रांती" एवढं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता थांबा तिथंच, आणि अकोल्याच्या घराला कुलूप लागलं असतं. उद्याचे आठ किलोमीटर तेवढे राहिले होते.

सकाळी आत्या आंघोळीला गेली तेव्हा शाहीननं मला बाहेर बोलावलं. तिघांनी आधीच ठरवलं होतं. आत्याची सॅक उघडून बीपीचं यंत्र देबूकडे, उरलेली कणीक आणि पुड्या टोबीकडे, लुगडं आणि चटणीची बरणी शाहीनकडे. सॅक फुगलेली दिसावी म्हणून टोबीनं हवेच्या दोन उशा फुगवून आत कोंबल्या. मला विचारलं, चालेल ना? मी साक्षीदार होतो, खरा अहवाल द्यायला आलेलो. मी म्हटलं, लवकर करा. आत्या आली. वाकली, पट्टा धरला आणि सॅक उचलली. ती तशीच अर्धी वाकलेली क्षणभर थांबली. आम्ही चौघे चार दिशांना समुद्र पाहत होतो. मग तिनं सॅक पाठीवर टाकली आणि म्हणाली, "चला." तिची चाल लंगडत का होईना, थांबली नाही.

होन्नावरला स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही टेकलो आणि मी दादाला व्हिडिओ कॉल लावला. तिघे मागे उभे. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "दादा, झालं! आठ दिवस, आत्यानं शेवटपर्यंत स्वतःची सॅक..."

"थांब," आत्या म्हणाली. तिनं सॅकच्या बाजूच्या खिशात हात घातला. तो खिसा तिघांनी पाहिलाच नव्हता. हुकाचा काटा निघाला. तिनं तो टपरीच्या बांबूला अडकवला, त्याला सॅक टांगली आणि मला म्हणाली, "दाखव त्याले." मी मोबाइल काट्यासमोर धरला. काटा साडेतीनवर होता.

"साडेतीन," आत्या म्हणाली. "भरल्या दिवसाचं पोरगं असते तेवढं. सकाळी उचललं तवाच समजलं मले. पोट्टेहो, मले शिकवता काय? पण पोरं लय जीवानं करून राहिली होती, म्हणून तवा काई बोल्ली नाही." मग मोबाइलकडे वळली. "गुडघा गेला आहे बावा माहा, परवापासून. आज सामान या तिघांनी आणलं. म्हणजे मी हारली. तिकीट काढ पुण्याचं."

शाहीननं तोंडाला ओढणी लावली. पलीकडून दादा म्हणाला, "आई, हे तू का सांगितलंस? कोणी विचारलंही नव्हतं. कोणाला कळलंही नसतं."

"खोटं वजन मी कधी लिहिलं नाही. पोरगं दोन किलोचं असन तं दोनच लिहिलं. रजिस्टरात तीन लिहिलं म्हणून पोरगं भरते काय?"

दादा पुण्यात राहून पंधरा वर्षांत अगदी तिकडचं बोलायला लागला आहे. आमच्याशीही तसंच बोलतो. पण त्या दिवशी त्याचा आवाज फाटला आणि अकोल्याचा झाला. "मले वजनाशी काय करायचं होतं व आई? तू पडली अन् चार दिवस मले समजलं नाही, त्यानं झोप उडाली होती माही. तू किती उचलते ते नाही, तू खरं सांगते का नाही, एवढंच पाहिजे होतं." मग म्हणाला, "राय मंग अकोल्यात. पण पडली तं त्याच दिवशी सांगशीन."

"त्याच दिवशी," आत्या म्हणाली. "माह्या नोकरीची आण."

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, तिघांना समोर उभं केलं आणि "निकालो मेरा सामान" म्हणून एकेक वस्तू परत घेतली. गाडी यायच्या आत तिघांच्या पापण्या शेवटच्या ओढल्या. टोबीचा निकाल जरा सुधारला होता. शाहीनला म्हणाली, "घरी फोन लाव. भागी है तो भागी है बोल, लेकिन बोल." तिनं तिथंच लावला.

अकोल्याला उतरलो तेव्हा सकाळ होती. सॅक पुन्हा तिच्या सगळ्या सामानानं भरली होती आणि आत्या ती घेऊन फलाटावर चार पावलं चालली. मग थांबली. खांद्यावरून पट्टा काढला आणि माझ्याकडे न पाहता सॅक पुढे केली. "धर जरासाक." एवढंच. मी धरली. माझ्या पाठीवर देबूकडून परत घेतलेले धरून आधीच अकरा किलो होते, पण मला ओझं म्हणून काही जाणवलं नाही, नुसतं रडू येत होतं.

आता मी महिन्यातून एकदा अकोल्याला जातो. आत्या अजून दारात पापणी ओढते, अजून चिवडा तोलते, टोबी तिकडून फोनवर जीभ काढून दाखवतो. बाजारातून येताना पहिल्या महिन्यात तिनं मला कोथिंबिरीची जुडी धरायला दिली होती. पुढच्या खेपेला दुधाची पिशवी. परवा दोन्ही पिशव्या दिल्या आणि रिकाम्या हातांनी हळूहळू पुढे चालायला लागली. घरी येऊन तिच्या नकळत दोन्ही पिशव्या काट्याला लावून पाहिल्या, आणि दादाला फोन करून खरं वजन सांगितलं.